घडी न मोडलेलं कापड

९ जानेवारी

आलं एकदाचं. पुढच्याच्या पुढच्या वर्षी लोकांना काय हवं असेल ते आज चहाच्या आधी कळलं. शांतता हवी असेल.

अंदाजाच्या अहवालात तसं स्वच्छ लिहिलंय. "माणसं थकलेली असतील. कापडाकडून त्यांना काही ऐकायचं नसेल." खाली पाच रंग. पाचही राखाडी, नावं तेवढी वेगळी – धुकं, राख, गारगोटी, जुना चमचा. पाचव्याचं नाव "थांबा".

मालकांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. "शांततेची डिझाइनं लागतील. भरपूर."

मागच्या खेपेला याच लोकांनी "उल्हास" सांगितला होता. त्या उल्हासाचे तागे अजून गोदामात छताला टेकलेत. नारिंगी. आत शिरताना डोळे बारीक करावे लागतात.

हे मी बोलले नाही. अहवाल लिहिणाऱ्या कंपनीत माझी सख्खी धाकटी बहीण आहे, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी टीका केली तर मत्सर, कौतुक केलं तर संगनमत. म्हणून मी फक्त "बरं" म्हणाले. शांतता तेवढ्यापुरती अमलात आणली.

११ जानेवारी

धाकटीचा फोन. "ताई, बघितलास का अहवाल? 'थांबा' माझा आहे."

"छान आहे. आमच्याकडे छपाईचं मशीन बिघडलं की तोच रंग येतो."

ती खदखदून हसली. तिला राग येत नाही, हीच तर अडचण आहे. मागून आईचा आवाज – "जेवली का विचार तिला." आई धाकटीकडे राहते. मी जेवले की नाही याची चौकशी मात्र तिकडून रोज होते.

आई कपडे शिवायची तेव्हा चिंध्या आम्हा दोघींत वाटल्या जायच्या. मी त्या जोडत बसायची. धाकटी दारात बसून रस्त्यानं कोण काय घालून चाललंय ते ओरडून सांगायची. इतकी वर्षं झाली, दोघींच्या कामात काडीचा फरक नाही. तिच्या कामाला आता "दूरदृष्टी" म्हणतात, एवढंच.

१९ जानेवारी

राखाडीवर राखाडी रेषा. राखाडीवर जरा कमी राखाडी ठिपके. दुपारी स्वतःच्याच डिझाइनवर डोकं ठेवून पाच मिनिटं झोपले. म्हणजे अहवाल अगदीच खोटा नाही.

२४ जानेवारी

मालक आज सौम्यपणे बोलले. ते सौम्य बोलले की घाबरायचं असतं.

"या हंगामात एखादं तरी डिझाइन चाललं पाहिजे. नाहीतर हे डिझाइनचं खातं ठेवण्यात अर्थ नाही हो. तयार डिझाइनं बाहेरून मिळतात, कॉम्प्युटर पाडून देतो. तुमचं काय, तुम्हाला कुठेही काम मिळेल."

कुठेही म्हणजे कुठे, ते सांगितलं नाही. जाताना खोली मात्र नजरेनं मोजून गेले. कपाटं कुठे मावतील ते बघत होते बहुतेक.

२९ जानेवारी

आज काहीतरी झालं. नीट लिहून ठेवते.

खिडकीत नमुन्यांच्या कापडांचा एक गठ्ठा किती महिने पडून होता कोण जाणे. निळं, साधं. टाकून द्यायला म्हणून उचललं आणि झटकलं. जिथे घडी होती तिथे ऊन लागून रंग उडालेला. आतला भाग गडद. उलगडल्यावर सगळ्या कापडभर फिकट रेषा – उभ्या, आडव्या, पण एकही सरळसोट नाही. कडेला पुसट, मध्ये पांढऱ्याला टेकलेल्या. ओल्या हातानं ओढल्यासारख्या.

कितीतरी वेळ तशीच उभी राहिले, दोन्ही हातांत कापड ताणून. आजवर मी फुलं काढली, पानं काढली, त्रिकोण काढले, कंटाळा आला की मासे काढले. आणि प्रत्येक कापडाला असते ती घडी? ती तर आपण इस्त्री फिरवून घालवतो. नवा कपडा पहिल्यांदा अंगावर घातला की त्याची घडी मोडली म्हणतो. हे असं कापड, की कितीही घाला, याची घडी मोडायचीच नाही.

मालकांना दाखवलं नाही. ते म्हणाले असते, "अरेरे, विटलं का? लिहून काढा नुकसानीत."

३ फेब्रुवारी

उन्हाची वाट बघत महिनोन्‌महिने बसणं परवडणारं नाही. उजेडात पालटणारं रसायन लावून कापड अंधारात वाळवलं, घडी घातली, गच्चीवर उन्हात ठेवलं. धुतलं. सगळं तपकिरी झालं.

घरी आणून बाल्कनीत टाकलं होतं. नवऱ्यानं त्या कापडानं सायकल पुसली. "मला वाटलं फडकंच आहे," म्हणाला. त्याला दोष कसा देणार? मलाही तसंच वाटत होतं.

७ फेब्रुवारी

दुसरा प्रयत्न बरा. रेषा आल्या. पण इतक्या नीटनेटक्या, की लांबून साधी चौकडी दिसते. चौकडी काढायला मी कशाला हवी?

९ फेब्रुवारी

सापडलं! अडचण माझ्या हातात आहे. मला वाकडी घडी घालताच येत नाही. कोपऱ्याला कोपरा आपोआप जुळतो. आणि घरात एक माणूस असा आहे, की ज्याच्या घडीचा एक कोपरा दुसऱ्याला आयुष्यात भेटलेला नाही.

रविवारभर नवऱ्याला घड्या घालायला बसवलं. तो पुलांची गणितं करतो, त्यात एक केसभर चूक चालत नाही, पण टॉवेल घडी करतो तो गाठोडं बांधल्यासारखा.

"इतकी वर्षं नावं ठेवलीस," तो म्हणाला, "आणि आता हेच नमुना म्हणून ठेवणार?"

"तू बोलू नकोस. घडी सुधारेल."

१३ फेब्रुवारी

जमलं. निळा, आणि त्यात त्या रेषा. एक रेषा मध्येच अडखळते, पुन्हा पुढे निघते. कापड हलवलं की वाटतं, आत्ताच कोणीतरी कपाटातून काढलंय. छापायचं म्हणजे एक तुकडा पुन्हा पुन्हा जोडत जायचं, तर त्याचा सांधा कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं.

रंगमास्तरांनी बराच वेळ पाहिलं. ते कौतुक करत नाहीत. "हे घातलेल्या बाईला सगळे सांगणार, इस्त्री करायची राहिली म्हणून," म्हणाले. मग तुकडा खिशात घालून घेऊन गेले.

१६ फेब्रुवारी

मालकांना दाखवलं.

"छान आहे," ते म्हणाले. मी थांबले. "वेगळं आहे. मला आवडलं. घरातही आवडेल." मी अजून थांबले. "पण हे अहवालात कुठे आहे?"

"अहवालात नाही. नवीन आहे."

"हो, पण नवीन काय असणार आहे ते अहवालात असतं ना."

मी कापड घडी करून कपाटात ठेवलं.

२३ फेब्रुवारी

आज आईला भेटायला धाकटीकडे गेले होते. तिथे मी एक गोष्ट केली. करायची ठरवून गेले नव्हते. निदान तसं लिहून ठेवते.

आईनं विचारलं, "काम बरं चाललंय ना गं?" मी सांगून टाकलं – हा हंगाम गेला तर खातं बंद. आईनं माझ्या ताटात आणखी वाढलं. धाकटी नुसती बघत राहिली.

मग मी अगदी सहज म्हणाले, "ते घडीचं बघितलंस का गं तू? सगळीकडे दिसतंय म्हणे."

"कसलं घडीचं?"

"कपड्यावर घडीच्या रेषा. ऊन लागून उडाल्यासारख्या. मुद्दाम केलेल्या. बाहेरच्या एका बंदराच्या शहरात बऱ्याच जणी घालतायत. कोणीतरी सांगत होतं. मला वाटलं, तुला ठाऊकच असणार."

धाकटी खायची थांबली. "कोण सांगत होतं?"

"अगं, कारखान्यात माणसं येतात-जातात. आता नाव कुठलं लक्षात राहतंय?"

तिनं हात पुसले, फोनमध्ये काहीतरी लिहिलं, आणि मला आमटी वाढून विषय बदलला.

परतीच्या बसमध्ये एक मन म्हणत होतं, सख्ख्या बहिणीला फसवलं. पण दुसरं मन म्हणत होतं, फसवलं कुठे? भविष्यच सांगितलं. तिचाही धंदा तोच.

११ मार्च

काही नाही. राखाडी.

६ एप्रिल

धाकटीचा फोन. आज आवाजात हसू नव्हतं.

"ताई, ते घडीचं मी अहवालाच्या पुरवणीत घालतेय. पण साहेब पुरावा मागतायत. फोटो दाखव, नाहीतर काढून टाक म्हणतात. चारचौघांत म्हणाले, अंदाज आणि थाप यात फरक असतो."

हीच वेळ होती. तोंडापर्यंत आलं होतं – अगं, मीच केलंय ते, खिडकीत पडलेल्या कापडावरून. मी म्हणाले, "मग काढून टाक ना. कशाला डोक्याला ताप?"

ती मग म्हणाली, "त्या रेषा नक्की कशा होत्या गं? कडेला पुसट की मध्ये?"

इथे मात्र मी सुटले. कडेला पुसट, मध्ये पांढऱ्याला टेकलेल्या, खांद्यावरून येताना एक अडखळायला हवी, पाठीवर एक तरी तिरकी हवी, निळा फार गडद नको – सगळं सांगितलं. ऐकीव गोष्ट इतकी तपशीलवार कोणाला ठाऊक असते? तिनं काही विचारलं नाही. "बरं," म्हणाली, "बघते."

फोन ठेवल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्ता लाव फोन आणि खरं सांगून टाक." मी म्हटलं, उद्या.

७ एप्रिल

उद्या.

१८ मे

पुरवणी आली. मालक स्वतः घेऊन आले, अक्षरशः नाचवत. "बघा! बघा याला म्हणतात दूरदृष्टी!"

पान पहिलं – "घडीची आठवण". "काही बंदरांच्या शहरांत हे दिसू लागलं आहे. शांततेला कंटाळलेली माणसं आता जपून ठेवलेल्या गोष्टींकडे वळतील." खाली एक टीप, की फोटोंचा पुरावा मोठ्या आवृत्तीत आहे. आमचे मालक छोटी घेतात, फोटो नसलेली. भविष्य काय, वाचूनही समजतं म्हणे.

मी ते पान कितीदा वाचलं. पुरावा आहे! म्हणजे खरंच कुठेतरी बायका हे घालून फिरतायत. मी थाप मारली आणि जगानं ती आधीच करून ठेवली होती. एकाच वेळी हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. म्हणजे मला एकटीला सुचलेलं नव्हतं तर.

"अशी कामं करा," मालक म्हणाले.

मी कपाट उघडून फेब्रुवारीतलं कापड काढून दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं. "अगदी हुबेहूब अहवालात लिहिलंय तसं! एवढ्यात केलंत?"

"हेच तुम्हाला दाखवलं होतं."

"हो का? तेव्हा ते अहवालात नव्हतं ना."

१४ जून

छपाई सुरू. रंगमास्तर हैराण. गिऱ्हाइकांची अट, की कापड विटलेलं दिसलं पाहिजे, पण विटता कामा नये. ते आज माझ्यासमोर बादली आपटून म्हणाले, "पक्का रंग आयुष्यभर शिकलो. आता कच्चा दिसणारा पक्का रंग हवाय. माझाच जीव विटला आता."

पण करतायत. आणि चोरून स्वतःच्या शर्टासाठी कापड बाजूला ठेवलंय, हे मी पाहिलंय.

२ ऑगस्ट

विकलं जातंय. मागणी थांबत नाही. मालक आज पुन्हा माझ्या खोलीत आले, भिंती मोजल्या नाहीत. "खातं राहू दे," म्हणाले. "अहवालाबरहुकूम वेळेवर काम करणारं कोणीतरी हवंच."

माझं काम वाचलं. दुसऱ्याचं ऐकून वेळेवर केल्याबद्दल.

२७ ऑगस्ट

घडी सगळीकडे. बसमध्ये, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे पडद्यांवर. समोरच्या कारखान्यानं काढली, शेजारच्यानं काढली. एकानं तर चुरगळलेल्या कागदावरून छापलीय. त्यात घडीची काही आठवण नाही, नुसतीच चुरगळ.

आणि मासिकात धाकटीचा फोटो. "घडी पहिल्यांदा पाहणारी नजर." मुलाखतीत म्हणते, "मी फक्त आजूबाजूला बघते. काम तर इतर लोक करतात."

इतर लोक! ते मासिक नवऱ्यासमोर टाकलं. तो म्हणाला, "पण तूच तर तिला सांगितलंस, की हे तुझं नाही."

नवरे तर्कशुद्ध असू नयेत.

१२ सप्टेंबर

धाकटीशी फोनवर भांडण झालं. म्हणजे मी भांडले.

ती म्हणाली, "ताई, तुमचं कापड पाहिलं दुकानात. सगळ्यांत तुझंच सरस आहे." आणि मी फाडकन म्हणाले, "असणारच. तू बघतेस, मी करते. बघायला काय लागतं?"

"काही नाही लागत," ती म्हणाली. "ठेवते."

नंतर आईचा फोन. जेवलीस का विचारलं नाही. "लहान आहे तुझ्यापेक्षा," एवढंच म्हणाली.

लहान! चाळिशी उलटलीय तिची.

२० ऑक्टोबर

एक मोठं गिऱ्हाईक आज म्हणालं, "तुमचं कापड चांगलं आहे, पण नक्कल वाटते. मूळ तिकडचं ना, बंदराकडचं?"

मालक हसून हो म्हणाले. मी तिथेच उभी होते.

रात्रभर तेच डोक्यात. मूळ तिकडचं. मूळ माझ्या खिडकीतलं आहे! माझ्या नवऱ्याच्या वाकड्या हातांचं आहे!

आणि खरं सांगायचं तर आता त्या पुराव्याचाही संशय येतोय. कुठलं बंदर? कोण बायका? मी तर ते शहर आमटी खाता खाता काढलं होतं.

१४ नोव्हेंबर

परवा कापडाचं मोठं प्रदर्शन. धाकटीच्या कंपनीचं दालन आहे, तिचे साहेब येणार आहेत. मी भेटीची वेळ मागितली. मिळाली.

सगळं सांगणार. पहिला तुकडा बरोबर नेणार. फेब्रुवारीत तो खुद्द मालकांनी आणि रंगमास्तरांनी पाहिला होता, त्यांना विचारा म्हणणार. तुमचा पुरावा खोटा आहे म्हणणार.

नवऱ्यानं विचारलं, "आणि मग धाकटीचं काय?"

"तिचं काय व्हायचंय? तिला नवं काहीतरी दिसेल."

तो शर्ट घडी करत बसला, घडी तुकड्याशेजारी ठेवली आणि झोपायला गेला.

१६ नोव्हेंबर

साहेब भले गृहस्थ निघाले. मी तोंड उघडायच्या आत मला आतल्या दालनात घेऊन गेले. "आधी हे बघा. सगळं यावरून सुरू झालं. मी तर काढूनच टाकणार होतो."

भिंतभर फोटो. सकाळचा रस्ता. पाठमोरी चाललेली बाई, अंगात लांब निळा कोट, त्यावर घडीच्या रेषा. खांद्यावरून येताना एक अडखळलेली. पाठीवर एक तिरकी. डावा खांदा जरासा उतरलेला. त्या खांद्याच्या मागून मी निम्मं बालपण चाललेय.

"तुम्हाला काही सांगायचं होतं ना?"

"कोटाची शिलाई छान आहे," म्हणाले.

बाहेर येऊन आईला फोन लावला. आधी नाही-नाही म्हणाली, मग हसायलाच लागली. कच्च्या रंगाचं कापड धाकटीनं मुद्दाम शोधून आणलं होतं. दोघींनी ते कितीतरी दिवस गच्चीवर उन्हात घातलं. कोट आईनं शिवला. मागच्या गल्लीतून धाकटीनं आईलाच सारखं चालायला लावलं, तोंड दिसू देऊ नकोस म्हणून. गुडघा दुखत होता तरी चालली.

"मला म्हणाली, आई, ताईनं थाप मारलीय. आता ती खरी करून द्यायला हवी."